चढ टाळणारा कर्नल

१८३५ साली एका आयरिश माणसाने आपल्या देशाविषयी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘शिकवा, काम द्या, फाशी देऊ नका’. उपशीर्षक त्याहून धीट होते. सैनिकांवाचून शांत आणि इंग्रजी भांडवलावाचून संपन्न झालेले आयर्लंड, असा त्याचा आशय. लिहिणारा बंडखोर नव्हता. प्रोटेस्टंट धर्मगुरूचा मुलगा, वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकलेला, रॉयल इंजिनियर्समध्ये नोकरी करून घरी परतलेला कॅप्टन जॉन पिट केनेडी. पुढे वीस वर्षांनी हाच माणूस लंडनमध्ये ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ या कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक झाला. आपल्याकडे तिला ‘बीबीसीआय’ म्हणत आणि जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ते नाव पुढेही कितीतरी वर्षे राहिले. विरारहून चर्चगेटला रोज जे लाखो लोक येतात, त्यांच्या पायाखालचा मार्ग या कंपनीने घातलेला आहे. मुंबईच्या इतिहासात जमशेटजी, नाना शंकरशेट, फ्रिअर, बर्कले ही नावे येतात. केनेडीचे नाव क्वचित येते, आणि आले तर एखाद्या ओळीत उरकले जाते. त्याचे आयुष्य नीट पाहिले तर भारतातल्या लोहमार्गांचा एक महत्त्वाचा वाद त्याच्या नावाशी जोडलेला आढळतो.

आयर्लंडच्या उत्तर टोकाला डोनेगल परगण्यात कार्नडोना नावाचे गाव आहे. तिथे ८ मे १७९६ रोजी केनेडीचा जन्म झाला. डेरीच्या फॉइल कॉलेजात आणि मग वुलिचला शिक्षण झाले. १८१५ मध्ये तो सैन्यात दाखल झाला, त्याच वर्षी वॉटर्लूची लढाई होऊन नेपोलियनची युद्धे संपली. लढाई शिकलेल्या तरुण अभियंत्याला आता लढाईच उरली नव्हती. १८१९ मध्ये त्याला माल्टाला धाडले, तिथून कोर्फूला. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतची आयोनियन बेटे तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. त्यांपैकी सांता माउरा बेटावर एक कालवा खोदण्याचे काम त्याच्याकडे आले. इथेच त्याची चार्ल्स जेम्स नेपियरशी मैत्री जमली आणि ती आयुष्यभर टिकली. हा नेपियर म्हणजे १८४३ मध्ये सिंध जिंकणारा सेनापती. पण १८२२ मध्ये तो केफालोनिया या छोट्या डोंगराळ बेटाचा कारभारी होता आणि केनेडी त्याचा सार्वजनिक बांधकाम प्रमुख.

पुढची काही वर्षे या दोघांनी केफालोनियात रस्ते, धक्के, बाजार, दीपगृहे बांधण्याचा सपाटा लावला. ज्या गावांना घोड्याची वाटदेखील नव्हती, तिथे डोंगराला वळसे घालून रस्ते गेले. १८२३ साली ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात उडी घ्यायला निघालेला कवी बायरन काही महिने याच बेटावर राहिला होता आणि नेपियरशी त्याचे चांगले सूत जुळले होते. केनेडीच्या बाबतीत मात्र मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. राज्य करणे म्हणजे रस्ता करणे, ही समजूत त्याच्या मनात या बेटावर रुजली. डोंगराशी झुंज घ्यायची नाही, त्याचा उतार शोधून काढायचा आणि बैलाला, खेचराला, माणसाला कमीत कमी दमवून माल पलीकडे न्यायचा. आयुष्यभर त्याने हीच गोष्ट वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वरिष्ठांना सांगितली.

१८३१ च्या सुमारास तो आयर्लंडला परतला. देशाची अवस्था वाईट होती. जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती, त्यांतले अनेक इंग्लंडात राहणारे. कुळांकडे जमिनीचे तुकडे, तेही वर्षावर्षाच्या बोलीवर. कुळाने बांध घातला, चर खणला, घर सुधारले की खंड वाढायचा, नाहीतर जमीनच काढून घेतली जायची. त्यामुळे कोणी काही सुधारत नसे. रात्री जमीनदारांच्या कारभाऱ्यांवर हल्ले होत, सकाळी सैनिक येत आणि मग फाशीचे खांब उभे राहत. केनेडीने उलटे टोक धरले. त्याने स्वतः टायरोन परगण्यात लॉ ॲश इथे जमीन घेतली, शेजारच्या जहागिरींचा कारभारही हाती घेतला आणि तिथे शेतीशाळा काढली. मुलांनी अक्षरे शिकायची आणि शाळेच्या शेतावर पिकांची फेरपालट, खत, निचरा हेही शिकायचे. त्याच्या पुस्तकाचा सारा युक्तिवाद या अनुभवावर उभा होता. आयर्लंडचे भांडवल म्हणजे रिकामे बसलेले हात, त्यांना शिकवून काम दिले की बाहेरून पैसा आणण्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे.

सरकारला ते पुरेसे पटले. १८३७ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय शिक्षण खात्यात त्याची महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. डब्लिनजवळ ग्लास्नेव्हिनला आदर्श शेत उभे राहिले, तिथे शिक्षकांना शेतीचे धडे मिळू लागले. पण असे शेत देशभरातल्या शाळांना जोडावे, ही त्याची मोठी योजना बाजूला पडली आणि १८३९ मध्ये तो राजीनामा देऊन बाहेर पडला. इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान असावे आणि प्रात्यक्षिकासाठी छोटे आदर्श शेत असावे, अशी मागणी केली होती. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. कुळाच्या आणि कुणब्याच्या घरात डोकावलेल्या दोन माणसांना एकच उपाय सुचला, एवढाच याचा अर्थ. आणि दोघांच्याही पदरी तीच उपेक्षा आली.

१८४३ मध्ये आयर्लंडमधल्या जमीनधारणेची चौकशी करण्यासाठी अर्ल ऑफ डेव्हनच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. केनेडी त्याचा सचिव झाला. आयोगाने देशभर फिरून जमीनदार, कारभारी, कुळे, धर्मगुरू अशा शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. त्या साक्षींचे जाडजूड खंड कोण वाचणार? केनेडीने त्यांचा विषयवार सारसंग्रह तयार केला. आज आयर्लंडच्या शेतकऱ्याचा इतिहास लिहिणारा अभ्यासक या सारसंग्रहाला वगळून पुढे जाऊ शकत नाही. बटाट्यावर जगणारी, पाण्याशिवाय दुसरे पेय न चाखणारी, गळक्या झोपडीत राहणारी माणसे त्यात दिसतात. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १८४५ मध्ये आला. त्याच शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला.

पुढे जे झाले ते जगाला ठाऊक आहे. चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. दुष्काळाच्या सुरुवातीला नेमलेल्या मदत आयोगाचे सचिवपद केनेडीकडे होते. पील सरकारने अमेरिकेतून मका मागवला, रस्त्यांची दुष्काळी कामे काढली. लवकरच सरकार बदलले, बाजाराच्या नियमांत ढवळाढवळ नको म्हणणारे लोक सत्तेवर आले आणि मदत आखडली. दहा वर्षे आधी ज्याने कामाचा उपाय सांगितला होता, त्याला आता मरणाऱ्या माणसांना खडी फोडायला लावणारी कामे पाहावी लागली. शेत सुधारण्यासाठी काम देणे निराळे आणि उपाशी माणसाकडून रस्ता फोडून घेऊन पोटापुरते पैसे देणे निराळे. आपल्याकडे १८७६ च्या दुष्काळात दख्खनने हा फरक भोगला आहे.

मात्र केनेडीला जनतेचा कैवारी ठरवून मोकळे होता येत नाही. १८४८ मध्ये ‘यंग आयर्लंड’ चळवळीने उठाव करायचे ठरवले, तेव्हा डब्लिनच्या संरक्षणाची तयारी करण्यात हाच माणूस पुढे होता. सैनिकांवाचून शांतता असे लिहिणारा केनेडी वेळ आल्यावर सरकारच्या बाजूने उभा राहिला. त्याची करुणा खरी होती आणि साम्राज्यावरची निष्ठाही तितकीच खरी होती. व्हिक्टोरियन काळातल्या अनेक चांगल्या माणसांची हीच मर्यादा होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१८४९ मध्ये चिलियानवालाच्या लढाईत इंग्रजांची दाणादाण उडाल्यावर नेपियरला घाईने भारताचा सरसेनापती म्हणून पाठवण्यात आले. त्याने लष्करी सचिव म्हणून केनेडीला बरोबर आणले. नेपियर आणि गव्हर्नर जनरल डलहौसी यांचे पटले नाही आणि नेपियर लवकरच परत गेला. केनेडीला मात्र डलहौसीने कामाला लावले. कालक्याहून सिमल्याला आणि तिथून सतलजच्या खोऱ्याने तिबेटच्या सरहद्दीकडे जाणारा रस्ता आखण्याचे काम त्याच्याकडे आले. हाच हिंदुस्थान-तिबेट मार्ग. (सिमल्यात १८२२ मध्ये पहिले पक्के घर बांधणारा कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडी हा वेगळा माणूस, अनेक लेखांत दोघांची गल्लत होते.) केफालोनियाचे तंत्र इथेही आले. चढ सतत पण सौम्य, मग वाट लांबली तरी चालेल. डोंगरी संस्थानांतल्या लोकांना साहेबांचे सामान पाठीवर वाहण्याची वेठ करावी लागे आणि गाडीरस्ता झाला की ती थांबेल, असे डलहौसीचे समर्थन होते. पण तो रस्ता खोदायला मजूर पुरवले ते याच संस्थानांनी. वेठ संपवण्यासाठीच्या रस्त्यावर पुन्हा त्याच माणसांचा घाम सांडला.

यानंतर केनेडी भारत सरकारचा लोहमार्गांसाठीचा सल्लागार अभियंता झाला. साल १८५०–५१. भारतात अजून एकही प्रवासी आगगाडी धावली नव्हती. पण मुंबईत ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीचा अभियंता जेम्स बर्कले सह्याद्री कसा ओलांडायचा याची मोजणी करत होता. थळ घाटाने नाशिक-खानदेशाकडे आणि बोर घाटाने पुण्याकडे, असे दोन मार्ग त्याने धरले. केनेडीने याला कडाडून विरोध केला. भारतासारख्या गरीब देशात माल स्वस्तात गेला तरच लोहमार्गाला अर्थ आहे, आणि चढ हा स्वस्ताईचा शत्रू आहे, अशी त्याची मांडणी होती. घाटात इंजिन जास्त लागतात, कोळसा जास्त जळतो, डबे कमी ओढता येतात, आणि हा खर्च एकदाच होत नाही. मार्ग असेपर्यंत रोज होत राहतो. म्हणून मुख्य मार्ग समुद्रकिनाऱ्याने आणि नद्यांच्या खोऱ्यांनी न्यावेत. मुंबईहून उत्तरेला किनाऱ्याने सुरतेपर्यंत जावे, तिथून तापीच्या खोऱ्याने पूर्वेला खानदेशात शिरावे आणि नर्मदेच्या बाजूने मध्य हिंदुस्थान गाठावा. सह्याद्रीला अंगावर घेण्याऐवजी त्याला वळसा घालावा.

मला या वादाचे फार महत्त्व वाटते, कारण दोन्ही बाजू खऱ्या होत्या. डलहौसीने बर्कलेची बाजू घेतली आणि १८५३ च्या त्याच्या प्रसिद्ध टिपणाने भारताच्या मुख्य लोहमार्गांची दिशा ठरली. मुंबईचे बंदर दख्खनला थेट जोडले जाणे लष्कराला आणि व्यापाऱ्यांनाही हवे होते. पुणे, सोलापूर, पुढे मद्रास हा मार्ग सुरतेचा वळसा घालून कसा जाणार? या बाबतीत केनेडी चुकला होता. पण त्याने सांगितलेली किंमत मात्र खोटी नव्हती. बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, २५ बोगदे, आणि मध्येच गाडीची दिशा उलटवण्याचे स्थानक. कामाच्या भरात ४०,०००हून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकी, ताप, कोसळणाऱ्या दरडी आणि सुरुंगांनी त्यांतली हजारो माणसे गेली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आजही मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

केनेडी प्रकृती बिघडून इंग्लंडला परतला, पण त्याने नकाशा गुंडाळून ठेवला नाही. आपला मार्ग सरकार बांधत नसेल तर कंपनी काढून बांधू, असे त्याने ठरवले. त्यातून बीबीसीआय उभी राहिली. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला तो सुरत–बडोदे–अहमदाबाद या टप्प्याचा. मुंबई ते सुरत टप्प्याला परवानगी मिळायला आणखी काही वर्षे गेली. कंपनीच्या नावात ‘सेंट्रल इंडिया’ होते, पण मध्य हिंदुस्थान आणि तापीचे खोरे यांना सरकारने हात लावू दिला नाही. केनेडीच्या पदरात पडली ती किनाऱ्याची सपाट पट्टी. मुंबईतून सुरतेच्या दिशेने जाणारा माल तोवर पडावांतून आणि फत्तेमारींतून समुद्राने जात होता. समांतर लोहमार्ग कशाला, असे विचारणारे पुष्कळ होते.

चढ टाळला की नद्या आडव्या येतात. वसईची खाडी, वैतरणा, दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका, तापी, नर्मदा, मही. सह्याद्रीच्या उत्तर भागाचे आणि सातपुड्याचे पश्चिमेकडे वाहणारे पाणी याच पट्टीतून समुद्राला जाते. तळाला गाळ, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, पावसाळ्यात पूर. दगडी पुलांना पाया मिळणे कठीण. केनेडीने इथे लोखंड वापरले. टोकाला मळसूत्र असलेले पोकळ बिडाचे खांब गाळात पिळून उतरवायचे आणि त्यांवर ६० फुटांचे एकसारखे गाळे टाकायचे, त्रिकोणी जाळीच्या लोखंडी तुळयांचे. सगळे सुटे भाग इंग्लंडात एकाच मापाने तयार होत आणि कोणत्याही नदीवर बसत. खांब पिळण्यासाठी त्यांना लांब दांड्यांची चरकी जोडत आणि ती माणसे किंवा बैल फिरवत. मळसूत्री खांबांची ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याची. तो तरुणपणीच पूर्ण आंधळा झाला होता. समुद्रातली दीपगृहे उभी करण्यासाठी त्याने ती शोधली आणि १८३३ मध्ये तिचे पेटंट घेतले. आयर्लंडच्या आंधळ्या माणसाच्या बोटांनी घडवलेली कल्पना वसईच्या खाडीच्या चिखलात रुतली आणि तिने गाड्या पेलल्या. अभियांत्रिकीच्या इतिहासात याहून सुंदर प्रसंग थोडेच असतील.

या मार्गाचा पहिला तुकडा १८६० मध्ये अंकलेश्वर ते उत्राण सुरू झाला. १८६१ मध्ये बडोदे, १८६३ मध्ये अहमदाबाद. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मार्ग मुंबईत ग्रँट रोडला पोहोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते आणि मुंबई शेअरांच्या वेडाने झपाटली होती. कंपनीला शहराच्या दक्षिणेकडे सरकायला जागा हवी होती. ती समुद्रात भराव घालून मिळवण्याच्या योजनेतून बॅक बे कंपनी निघाली, तिचे शेअर गगनाला भिडले आणि १८६५ मध्ये ती आपटली. अनेक घरे बसली. भरावाचे बाकीचे काम थांबले, रुळांपुरती पट्टी उरली. चर्नी रोड ते चर्चगेट गाड्या धावतात त्या याच पट्टीवरून. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेला रोजची गाडी सुरू झाली. बोरिवली, अंधेरी, सांताक्रूझ ही तेव्हा भाताच्या खाचरांतली आणि नारळी-ताडांतली गावे होती.

नर्मदेने मात्र केनेडीला दाद दिली नाही. भरूचजवळचा लोखंडी पूल पुरात पुन्हा पुन्हा मोडला, १८७६ च्या महापुरात त्याचे कित्येक गाळे वाहून गेले. अखेर नवा पूल बांधावा लागला, तो १८८१ मध्ये खुला झाला. एकाच मापाची तुळई सगळ्या नद्यांना चालेल, हा केनेडीचा हट्ट नर्मदेपुढे टिकला नाही. कंपनीचा खर्चही अंदाजाबाहेर गेला.

आणि हा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हा या कहाणीतला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. भारतातल्या इतर लोहमार्ग कंपन्यांप्रमाणे बीबीसीआयलाही सरकारने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. जमीन फुकट. मार्ग तोट्यात गेला तरी लंडनच्या भागधारकाला त्याचे ५ टक्के मिळणारच. उरलेली तूट भारताच्या महसुलातून, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून भरली जाणार. ज्याचे बुडणार नाही तो खर्च कशाला तोलेल? केनेडीने स्वस्त मार्गाचा आग्रह आयुष्यभर धरला, पण ही हमी त्याने नाकारली नाही. इंग्रजी भांडवलावाचून आयर्लंड संपन्न होईल म्हणणारा माणूस भारतात इंग्रजी भांडवलाचा व्यवस्थापक झाला आणि त्या भांडवलाचा भार वाहणाऱ्या शेतकऱ्याची बाजू मांडणारे पुस्तक त्याने लिहिले नाही. १८६० च्या दशकात त्याने ब्रिटिश साम्राज्याच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, आयर्लंडमधल्या कुळांच्या प्रश्नावरही तो लिहीत राहिला. भारतातल्या कुळाचा प्रश्न मांडायला दादाभाई नौरोजी आणि साताऱ्याचे गणेश व्यंकटेश जोशी यावे लागले.

२८ जून १८७९ रोजी केनेडी वारला. शतक संपता संपता सुरतेहून तापीच्या खोऱ्याने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी स्थानके घेत एक लोहमार्ग खानदेशात शिरला आणि जळगावला मिळाला. घाट नाही, बोगदे नाहीत. १८५१ मध्ये केनेडीने आखलेल्या दिशेनेच तो गेला होता. पुढे बीबीसीआय नागदा-मथुरा मार्गाने खरोखर मध्य हिंदुस्थानात पोहोचली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास इंजिने, पूल आणि उद्घाटनाच्या तारखांपुरता लिहिला जातो. तसा तो लिहू नये. केनेडीची चढावरची टिपणे आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातले गणेश व्यंकटेश जोशींचे लेख शेजारी ठेवून वाचावेत. मार्ग कुठून जावा हे पहिल्यात आहे, त्याचे पैसे कोणी भरले हे दुसऱ्यात. महाराष्ट्राच्या विद्यापीठांतल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम हाती घ्यावे.